बेरजेची खुर्ची

आमच्या कॉलेजात कुठल्याही समारंभाची तयारी खुर्च्यांपासून सुरू होई आणि बहुतेक वेळा तिथेच संपे. कोण बोलणार आणि काय बोलणार हे नंतर. आधी कोण कुठे बसणार ते ठरे. कॉलेज साखर कारखान्याच्या मंडळींनी काढलेलं, कोपरगावच्या बाजूला. कालव्याच्या पाण्यावर ऊस, उसाच्या जिवावर कॉलेज आणि कॉलेजच्या जिवावर आम्ही. इमारत पूर्वी खताचं गोदाम होती. उन्हाळ्यात पत्रे तापले की तो जुना वास परत येई, आणि अलंकार शिकवताना मला कधीकधी वाटे की जागेचा मूळ हेतू अगदीच वाया गेलेला नाही.

मी मराठी शिकवत असे. नेमणूक तात्पुरती, दर जूनला नव्याने होणारी. माझ्याच खोलीत गणिताचा प्राध्यापक राहत होता. आम्ही त्याला गणिती म्हणायचो, कारण सगळ्या कॉलेजात तो एकटाच गणित शिकवी. तिसगावकडचा, कोरडवाहू मुलखातला. बोलणंही तसंच, शब्दाला ओल नाही. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत काही वर्षं काढून तो आमच्याकडे आला होता. का आला, तर मुलाखतीत प्राचार्यांनी त्याला सांगितलं होतं की दोन वर्षांत गणिताचा पदवीचा वर्ग सुरू होईल. तोवर आमच्याकडे गणित अर्ध्यावरच थांबत असे. ज्याला पुढे शिकायचं त्याने नगर गाठायचं नाही तर पुणं. ज्याला ते परवडत नसे तो कारखान्याच्या वजनकाट्यावर चिकटे. गणित्याचे हुशार विद्यार्थी असे एकामागून एक काट्यावर गेले. दोन वर्षं उलटली, तिसरं लागलं, वर्ग काही सुरू होईना. मंजुरी कारखान्याच्या चेअरमनच्या हातात होती, शिफारस प्राचार्यांच्या. गणित्याने एवढंच ठरवलं होतं की या वर्षी वर्ग झाला तर राहायचं, नाही झाला तर गाठोडं बांधायचं.

मुंबईच्या त्या संस्थेत थंडगार खोलीत ठेवलेला एक कॉम्प्युटर होता. त्याच्यावर बेरजा-गुणाकार होतात हे मलाही ऐकून माहीत होतं. पण परदेशात लोकांनी या यंत्रांना अक्षरांचं गणितही शिकवलं होतं, आणि गणित्याचं सगळं वेड तिथे अडकलेलं होतं. क्ष म्हणजे किती हे माहीत नसतानाही यंत्र क्ष घेऊन गणित करतं, असं तो सांगे. एका संध्याकाळी स्टोव्हवर पिठलं रटरटत असताना मी त्याला म्हणालो, ‘‘हे मला समजावून सांग. पण मी मराठीचा माणूस आहे हे धरून.’’

त्याने कोळशाने फरशीवर उलटं झाड काढलं. मुळं वर, पानं खाली. ‘‘हे बघ. दोन गुणिले कंसात क्ष अधिक एक, कंस पुरा, अधिक सात. यातलं सगळ्यात शेवटी काय होतं?’’

‘‘साताची बेरीज.’’

‘‘मग ती बेरीज सगळ्यात वर. ती स्वतः काही जाणत नाही. ती खाली दोघांना विचारते, तुमचं किती झालं? सात म्हणतो, मी सात. आकड्याचं काम सोपं, विचारलं की आपलं नाव सांगायचं. दुसऱ्या बाजूला गुणाकार आहे. तो म्हणतो, थांबा, मी खाली विचारतो. त्याच्या खाली एक दोन आणि एक आतली बेरीज. ती आतली बेरीज तिच्या खालच्या क्ष ला आणि एक ला विचारते. प्रश्न वरून खाली जातो, उत्तर खालून वर येतं. मधल्या प्रत्येकाने दोनच गोष्टी करायच्या. खालच्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, आणि आलेल्या उत्तरावर आपलं काम करून मगच ते वर द्यायचं.’’

‘‘आणि क्ष?’’

‘‘क्ष चा एक कप्पा असतो. कप्प्यात चार असले तर क्ष चार देतो. काहीच नसलं तर म्हणतो, मी क्ष.’’

‘‘मग यंत्र रागावत नाही?’’

‘‘कशाला रागावेल? ते क्ष ला क्ष म्हणूनच वर पाठवतं. शेवटी उत्तर येतं, दोन क्ष अधिक नऊ. जेवढं कळलं तेवढं आवरून ठेवलं, जे नाही कळलं ते नावानिशी शिल्लक.’’

‘‘म्हणजे माहीत नसलं की माहीत नाही म्हणायचं, आणि तरी काम अडू द्यायचं नाही.’’

‘‘बरोबर.’’

‘‘मग ते आपल्या कॉलेजात चालणार नाही,’’ मी म्हणालो. पिठलं तेवढ्यात खाली लागलं.

पण चालवायचंच असं त्याच्या मनाने घेतलं होतं. विज्ञान मंडळाच्या उद्घाटनाला चेअरमन येणार होते. त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं तर गणित म्हणजे पाढे नव्हेत हे त्यांना कळेल आणि वर्ग मंजूर होईल, असा त्याचा हिशेब. यंत्र आणणं शक्य नव्हतं. म्हणून यंत्राच्या जागी माणसं बसवायची. व्यासपीठावर चार पायऱ्यांवर खुर्च्या, प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, आणि माणसांनी एकमेकांना विचारत उत्तर काढायचं.

प्राचार्यांना कल्पना आवडली, कारण तीत खुर्च्या पुष्कळ होत्या. ते संस्कृतप्रचुर बोलत आणि बोलताना उजवा हात छातीशी धरत, जणू शब्द तिथून काढून देत आहेत. ते म्हणाले, ‘‘सर्वोच्च स्थान अर्थातच चेअरमनसाहेबांचं. तिथे कोणतं चिन्ह आहे?’’

‘‘बेरीज,’’ गणिती म्हणाला.

प्राचार्यांचा हात छातीवरून खाली आला. ‘‘साहेबांना बेरीज? आणि गुणाकार त्यांच्या खाली? अहो, शाळेत आपण कंचेभागुबेव शिकलो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, मग बेरीज. गुणाकाराचा मान आधीचा. बेरजेला कोण विचारतं?’’

‘‘सर, जे आधी करायचं ते झाडात खाली बसतं. शेवटी होणारं वर.’’

‘‘म्हणजे साहेबांनी सगळ्यांच्या शेवटी बोलायचं? तोपर्यंत ताटकळत बसायचं?’’

गणित्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘‘सर, अध्यक्षीय भाषण शेवटीच असतं.’’

प्राचार्यांचा चेहरा उजळला. ही गोष्ट त्यांच्या कधी लक्षात आली नव्हती, पण आता आल्यावर ती फार प्राचीन आणि भारतीय वाटू लागली. साहेबांना बेरीज मिळाली. गुणाकार त्यांनी स्वतःकडे घेतला. आतली बेरीज इतिहासाच्या प्राध्यापकांना दिली. ते वयाने ज्येष्ठ होते आणि कुठल्याही बैठकीत डोळे मिटून विचार करत. दोन, एक आणि सात हे आकडे विद्यार्थ्यांना. आणि क्ष?

‘‘क्ष यांना द्या,’’ प्राचार्य माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. ‘‘यांचं अजून काही निश्चित नाही.’’

गणित्याची इच्छा होती की पहिल्या खेपेला माझा कप्पा रिकामा ठेवावा. मी म्हणायचं ‘मी क्ष’, आणि वरून साहेबांनी जाहीर करायचं, ‘दोन क्ष अधिक नऊ.’ सगळी गंमत त्यातच होती. प्राचार्यांनी ते मानलंच नाही. ‘‘साहेब निकाल जाहीर करणार आणि निकालात क्ष शिल्लक? गावाला काय वाटेल? उत्तर म्हणजे आकडा. पूर्ण आकडा.’’ तेव्हा क्ष ला चार ही किंमत ठरली. चार अधिक एक पाच, पाच दुणे दहा, दहा अधिक सात सतरा. मग रंगीत तालीम झाली. इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले ‘पाच’, प्राचार्य म्हणाले ‘दहा’. चेअरमन तालमीला येणं शक्यच नव्हतं. त्यांच्या खुर्चीवर त्यांची शाल ठेवली होती, समारंभात द्यायची. शालीच्या वतीने प्राचार्यच म्हणाले, ‘सतरा.’ पुढचे दोन दिवस ते कॉरिडॉरमधून ‘दहा’ पुटपुटत फिरत होते. कोणी नमस्कार केला तरी.

समारंभाच्या दिवशी हार, तुरे, ईशस्तवन, प्रास्ताविक, परिचय आणि परिचय करून देणाऱ्याचा परिचय, असं सगळं यथासांग झालं. त्या साली वरच्या तालुक्यांत पाऊस नव्हता, लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. आमच्याकडे कालवा होता म्हणून हार तरी ताजे. मग आम्ही पाट्या गळ्यात घालून आपापल्या पायऱ्यांवर बसलो. चेअरमन वर लाल मखमलीच्या खुर्चीत, पांढऱ्या टोपीखाली, छातीवर अधिकचं चिन्ह. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत होतं, पण सभेत बसून ते नुसत्या डोळ्यांनी माणसं मोजत, आणि त्यांची मोजणी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

गणित्याने त्यांना काय करायचं ते सांगितलं.

‘‘म्हंजी म्या फकस्त इचारायचं,’’ चेअरमन म्हणाले.

‘‘हो साहेब. आणि आलेल्याची बेरीज करायची.’’

‘‘मंग कारखान्यात तरी दुसरं काय करतो?’’ सभागृह हसलं. आम्हीही हसलो. हसण्याच्या बाबतीत आमच्याकडे उत्तर वरूनच खाली येई.

पहिली खेप झकास झाली. चार, पाच, दहा, सतरा. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी डोळे मिटून त्या स्वीकारल्या. इथे कार्यक्रम थांबला असता तर मला लिहायला काही उरलं नसतं. पण गणिती पुढे आला आणि सभागृहाला म्हणाला, ‘‘हे पाठ केलंय असं तुम्हाला वाटेल. म्हणून आता क्ष ची किंमत तुम्ही सांगा.’’

प्राचार्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं परीक्षेत कुणी अभ्यासक्रमाबाहेरचं विचारावं.

मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘नऊ!’’

गणित्याने माझ्या पाटीमागच्या खिशात नऊचा पुठ्ठा सरकवला. चेअरमननी विचारलं, ‘‘व्हय प्राचार्य, तुमचं किती?’’ प्राचार्यांनी इतिहासाकडे पाहिलं. इतिहासाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘‘नऊ.’’ शेजारी एकची पाटी घातलेला विद्यार्थी म्हणाला, ‘‘एक.’’ इतिहासाने थोडा वेळ घेऊन, पण अचूक सांगितलं, ‘‘दहा.’’

आता प्राचार्यांनी त्या दहाची दुप्पट करायची होती. पण त्यांच्या कानावर ‘दहा’ पडलं आणि त्यांच्या तोंडात दोन दिवस घोळत असलेलंही दहाच. आतलं आणि बाहेरचं इतकं जुळल्यावर मध्ये काही करायचं राहिलंय असं त्यांना वाटायचं कारण नव्हतं. त्यांनी हात छातीशी नेला आणि खणखणीत आवाजात वर कळवलं, ‘‘दहा!’’

‘‘दहा अन् सात, सतरा,’’ चेअरमन म्हणाले.

पुन्हा टाळ्या पडल्या. पण या खेपेला पुढच्या चार ओळींनीच वाजवल्या. मागे गणिताचे विद्यार्थी होते आणि तिथे कुजबुज सुरू झाली. मी गणित्याकडे पाहिलं. त्याचा सगळा वर्ग, त्याची तीन वर्षं, त्या एका क्षणात अडकली होती. उत्तर चूक म्हणावं तर प्राचार्यांची शिफारस गेली. बरोबर म्हणावं तर ज्या गणितासाठी वर्ग मागायचा त्या गणिताचंच तोंड काळं.

‘‘साहेबांची बेरीज बरोबर आहे,’’ तो सावकाश म्हणाला. खोटं नव्हतं. झाडाचा माथा बरोबर आणि सगळं झाड चूक, असं होऊ शकतं. सरकारात रोज होतं.

पण चेअरमन टाळ्यांनी फसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी कपाळ खाजवलं. ‘‘थांबा थांबा. मघाशी चार हुतं, आता नऊ झालं, अन् सतरा ते सतराच? ऊस वाढला अन् साखर तेवढीच? मधी कुटंतरी मुरतंय.’’

प्राचार्य उठून उभे राहिले. ‘‘साहेब, खालून जे आलं ते मी जसंच्या तसं, प्रामाणिकपणे आपल्यापर्यंत पोचवलं.’’

‘‘जसंच्या तसं?’’

‘‘अगदी जसंच्या तसं.’’

‘‘अवो, मंग तुमी गुणलं कवा?’’

सभागृहात हशा कोसळला. मागच्या ओळींतले बाकावर हात आपटू लागले. इतिहासाच्या प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले, बहुधा तेवढ्यासाठीच ते सगळीकडे मिटत असावेत. ‘‘तुमाला मधी बसवलं ते गुणायला,’’ चेअरमन मजेत आले होते. ‘‘नुसतं वर पाठवायचं तर पोष्ट हाय की गावात.’’ प्राचार्यांच्या गळ्यातलं गुणाकाराचं चिन्ह श्वासाबरोबर वरखाली होत होतं. मला त्यांचा राग येत नव्हता. कॉलेजात आम्ही सगळेच कमीअधिक प्रमाणात उत्तर घरून घेऊन येत होतो. फक्त त्या दिवशी खालून प्रश्नाचं उत्तर चुकून खरंच आलं होतं.

अध्यक्षीय भाषणात चेअरमन म्हणाले, हे यंत्र झ्याक हाय, पोरांनी शिकलं पायजे. गणित्याने संधी सोडली नाही. उभा राहून म्हणाला, ‘‘साहेब, त्यासाठी पदवीचा वर्ग हवा.’’

‘‘माझं काय न्हाई,’’ चेअरमन म्हणाले. ‘‘प्राचार्य म्हनतील तसं.’’

प्राचार्य म्हणाले, ‘‘मी कोण म्हणणार? साहेब म्हणतील तसं.’’

‘‘साहेब,’’ गणिती म्हणाला, ‘‘यंत्रात अ च्या कप्प्यात लिहिलं ब ला विचारा, आणि ब च्या कप्प्यात लिहिलं अ ला विचारा, तर काय होतं सांगू?’’

‘‘काय हुतं?’’

‘‘ते फिरत राहतं. जागा संपेपर्यंत फिरतं आणि मग बंद पडतं. उत्तर येत नाही.’’

चेअरमननी त्याच्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, माणूस त्यांना आवडला होता. पण शेजारी बसलेल्या प्राचार्यांना त्यांनी नुकतंच चारचौघांत सोलून काढलं होतं, आणि कारखाना चालवणाऱ्याला एक कळतं की एका दिवशी एकच माणूस सोलावा. ते म्हणाले, ‘‘प्राचार्यांनी अर्ज पाठवावा. संचालक मंडळ इचार करील.’’

गणित्याने त्याच रात्री अर्ज लिहिला: गणिताचा पदवी वर्ग सुरू करण्याबाबत विचार व्हावा. प्राचार्यांनी तो जसाच्या तसा वर पाठवला. गुणला नाही. महिनाभराने मंडळाचा ठराव आला: गणिताचा पदवी वर्ग सुरू करण्याबाबत योग्य तो विचार करण्यात यावा असे सर्वानुमते ठरले.

गणित्याने तो उभ्यानेच वाचला आणि हसला. मी त्याला हसताना फारसं पाहिलं नव्हतं. ‘‘चूक नाही,’’ तो म्हणाला. ‘‘ज्याची किंमत ठाऊक नाही ते यंत्रही असंच परत देतं. जरा नीटनेटकं करून.’’

‘‘मग आपलं मंडळ अगदी आधुनिक म्हणायचं.’’

‘‘नाही. यंत्र आधी खाली विचारतं.’’

त्याने ट्रंक बाहेर काढली. मी म्हटलं, थांब, आणखी एक जून बघ. तो म्हणाला, या चक्रात आतून काही होत नाही. बाहेरून कुणीतरी किंमत घालावी लागते. आणि दुसऱ्याच दिवशी तो सायकलवर टांग टाकून नदीपलीकडच्या कारखान्यावर गेला. तिथल्या चेअरमनचं आणि आमच्या चेअरमनचं एका निवडणुकीपासून पटत नव्हतं. त्यांचंही कॉलेज होतं, त्याच वयाचं आणि तशाच पत्र्यांचं.

तो संध्याकाळी परत आला, घामाने चिंब. मी विचारलं, ‘‘काय म्हणाले?’’

‘‘मी यंत्राचं सांगायला लागलो, तर म्हणाले ते ऱ्हाऊ द्या. त्यांच्याकडं हाय का ह्यो वर्ग? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मंग जूनपासून सुरू करा.’’

‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच. कप्पा रिकामा होता, त्यांनी भरला.’’

जूनमध्ये तो पलीकडे गेला आणि आमचे गणिताचे विद्यार्थी त्याच्यामागून नदी ओलांडून गेले. दिवाळीच्या आत आमच्या मंडळाने तातडीची बैठक घेऊन पदवी वर्ग मंजूर केला. आमच्याकडे वर्ग झाला, शिकवायला माणूस नव्हता. उद्घाटनाच्या भाषणात प्राचार्य म्हणाले की या वर्गाचं स्वप्न त्यांनी फार पूर्वीच पाहिलं होतं. लाल मखमलीच्या खुर्चीतून चेअरमननी त्यांना मध्येच विचारलं, ‘‘पलीकडं किती पोरं हायती?’’ प्राचार्यांनी खाली माझ्याकडे पाहिलं. मला खरोखर माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि तेवढं मात्र त्यांनी वर पाठवलं नाही. ते म्हणाले, ‘‘आपल्यापेक्षा कमीच असतील, साहेब.’’

पुठ्ठ्याच्या पाट्या पुढे कार्यालयाने कामी लावल्या. अधिकची पाटी प्रथमोपचाराच्या कपाटावर चिकटली. गुणाकाराची मोडक्या संडासाच्या दारावर, कुणी आत जाऊ नये म्हणून. प्राचार्यांच्या खोलीतून ती सरळ समोर दिसे.